श्रद्धेची वाट : बेंगळुरूचा करग

धर्माविषयी बोलताना ‘सिद्धांत’ आणि ‘श्रद्धा’ हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. वास्तविक त्यांच्यात अंतर आहे. ईश्वर, जग, मनुष्य, मृत्यू, पाप आणि पुण्य यांविषयी एखाद्या धर्माने निश्चित केलेले मत म्हणजे सिद्धांत. तो ग्रंथांत असतो. त्यावर भाष्ये लिहिली जातात, वादविवाद होतात. श्रद्धा ही माणसाच्या अंतःकरणातली आणि आचरणातली गोष्ट आहे. सिद्धांत नीट ठाऊक नसलेला मनुष्यही श्रद्धावान असू शकतो. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याने अद्वैत मताचा अभ्यास केलेला असतो असे नाही. पण आषाढी आली की त्याचे पाय घरात थांबत नाहीत. मग समाजावर अधिक परिणाम कशाचा होतो? ग्रंथात लिहिलेल्या मताचा, की वर्षानुवर्षे पाळल्या जाणाऱ्या वाटेचा? हा प्रश्न समजून घेण्यासाठी बेंगळुरू शहरातील एका उत्सवाकडे पाहणे उपयोगी ठरते. त्या उत्सवाचे नाव आहे ‘करग’.

बेंगळुरू म्हटले की आज डोळ्यांसमोर उंच काचेच्या इमारती, संगणकावर काम करणारी तरुण मंडळी आणि वाहनांच्या रांगा येतात. परंतु या शहराच्या पोटात एक जुने नगर आहे. केंपेगौडा या स्थानिक नायकाने 1537 मध्ये येथे मातीचा किल्ला बांधून नगर वसवले, असे मानले जाते. पुढे 1638 मध्ये विजापूरच्या आदिलशाही सैन्याने ते जिंकले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यामुळे मराठी माणसाच्या इतिहासालाही हे नगर परके नाही. जुन्या नगराच्या वस्त्यांना कन्नडमध्ये ‘पेटे’ म्हणतात. आपल्या ‘पेठ’ या शब्दाचेच ते भावंड. अक्किपेटे म्हणजे तांदळाची पेठ, बळेपेटे म्हणजे बांगड्यांची, कुंबारपेटे कुंभारांची, गाणिगरपेटे तेल्यांची. नावांवरूनच कोणत्या वस्तीत कोणता व्यवसाय चाले हे कळते. अशीच एक वस्ती तिगळरपेटे. येथे तिगळ समाजाची वस्ती होती, आणि येथेच धर्मरायस्वामींचे, म्हणजे पांडवांतील ज्येष्ठ बंधू युधिष्ठिराचे मंदिर आहे. करग उत्सव या मंदिराचा आहे.

तिगळ हा माळी समाज. त्यांचे पूर्वज तमिळ मुलखातून आले असे मानले जाते. भाजीपाला, फुले आणि फळे पिकवणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय होता. हैदर अलीने 1760 च्या सुमारास लालबाग या विस्तीर्ण उद्यानाची उभारणी सुरू केली आणि टिपू सुलतानाने ती पुढे नेली. या बागेच्या घडणीत तिगळ माळ्यांच्या कसबाचा वाटा होता, असे परंपरा सांगते. बेंगळुरूजवळून एकही मोठी नदी वाहत नाही. म्हणून जुन्या राज्यकर्त्यांनी पावसाचे पाणी अडवून तलाव बांधले होते. तलावाच्या काठी आणि बांधाखाली तिगळांचे मळे असत. पाणी असेल तर मळा, मळा असेल तर घर, असा हा साधा हिशेब होता. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे करगातील पाण्याचे महत्त्व समजणे सोपे जाते.

तिगळांची आराध्य देवता द्रौपदी ही आहे. मराठी वाचकाला हे ऐकून थोडे नवल वाटेल. महाराष्ट्रात द्रौपदी म्हटले की भरसभेत अपमान झालेली, कृष्णाचा धावा करणारी राणी आठवते; तिची देवी म्हणून पूजा क्वचितच होते. तमिळ प्रदेशात मात्र ‘द्रौपदी अम्मन’ या नावाने तिची मंदिरे आहेत. तिच्या उपासनेचे एक जुने आणि महत्त्वाचे केंद्र जिंजीच्या परिसरात आहे. राजाराम महाराजांनी जेथून मराठ्यांचा लढा चालवला तीच ही जिंजी. तेथील उत्सवांत महाभारताची कथा सांगितली जाते आणि भक्त निखाऱ्यांवरून चालतात. द्रौपदी यज्ञकुंडातून प्रकट झाली, ही महाभारतातील कथा या उपासनेचा पाया आहे. अग्नीतून जन्मलेली स्त्री ही साधी स्त्री नव्हे, ती आदिशक्ती होय, अशी भक्तांची धारणा आहे.

यापुढची कथा महाभारताच्या रूढ संहितेत आढळत नाही. ती तिगळांच्या परंपरेत आहे. पांडव स्वर्गारोहणाच्या वाटेवर निघाले असता तिमिरासुर नावाचा राक्षस उठला. पांडव पुढे निघून गेले होते, द्रौपदी मागे राहिली होती. तिने आपले आदिशक्तीचे रूप प्रकट केले आणि आपल्या देहातून वीरकुमारांची सेना निर्माण केली. त्या सेनेने राक्षसाचा पराभव केला. युद्ध संपल्यावर देवी निघाली, तेव्हा ही लेकरे तिला जाऊ देईनात. शेवटी तिने वचन दिले, की दर वर्षी चैत्रात मी काही दिवस तुमच्याकडे येईन. तिगळ समाज स्वतःला त्या वीरकुमारांचे वंशज मानतो. करग म्हणजे त्या वचनाची पूर्तता.

या कथेत एक सिद्धांत दडलेला आहे, हे थोडा विचार केल्यावर लक्षात येते. शक्ती ही विश्वाची मूळ प्रेरणा आहे आणि संकटसमयी ती रूप धारण करून दुष्टांचे निर्दालन करते, हे शाक्त मत भारतभर पसरलेले आहे. तुळजापूरची भवानी आणि कोल्हापूरची अंबाबाई यांच्या उपासनेमागेही तेच मत आहे. परंतु तिगळांच्या कथेत त्याला एक वेगळी कलाटणी मिळाली आहे. येथे देवी आणि भक्त यांचे नाते आई आणि लेकरांचे आहे, आणि त्या नात्यात दोन्ही बाजूंना कर्तव्य आहे. देवीने यायचे आणि लेकरांनी तिला घ्यायला सिद्ध राहायचे. ग्रंथातले मत मोठ्या पंडितांच्या हाती राहते. वचन मात्र निरक्षर माळ्यालाही पाळता येते.

‘करग’ या शब्दाने पाण्याच्या घटाचा बोध होतो. आपल्याकडे नवरात्रात घटस्थापना होते, तेव्हा घटात देवीचे अधिष्ठान मानले जाते. फरक एवढाच, की आपला घट देव्हाऱ्यापुढे नऊ दिवस स्थिर असतो आणि बेंगळुरूचा घट नगरभर चालतो. उत्सव चैत्र महिन्यात ध्वजारोहणाने सुरू होतो आणि सुमारे अकरा दिवस चालतो. त्यातील एका टप्प्यावर तलावाच्या काठी पूजा करून ‘हसी करग’ म्हणजे कच्चा घट मंदिरात आणला जातो. पौर्णिमेच्या मध्यरात्री मुख्य करग मंदिराबाहेर पडतो. मोगऱ्याच्या फुलांनी मढवलेला, शंकूसारखा उंच करग मस्तकावर तोलून पुजारी चालू लागतो. त्याला हाताचा आधार द्यायचा नसतो. सभोवती नंग्या तलवारी घेतलेले वीरकुमार ‘गोविंदा, गोविंदा’ असा घोष करीत चालतात. गल्लोगल्ली लोक रात्रभर जागे असतात. घटात नेमके काय असते, हे परंपरेने गुप्त ठेवले आहे. पहाटेपर्यंत जुन्या पेठांतून फिरून करग परत येतो.

घट वाहणारा पुजारी तिगळ समाजातीलच असतो. त्याला या सेवेसाठी दीर्घकाळ व्रतस्थ राहावे लागते. त्या रात्री तो स्त्रीवेष धारण करतो. पत्नीचे मंगळसूत्र आणि बांगड्या अंगावर लेतो. त्या काळापुरता तो पुरुष राहत नाही, देवीच त्याच्या रूपाने चालते, अशी समजूत आहे. घट पडला तर वीरकुमारांच्या तलवारी त्याच्यावरच चालतील, असेही लोक सांगतात. श्रद्धेचे ओझे किती जड असू शकते, हे त्या एका समजुतीवरून ध्यानात येते.

या श्रद्धेचा समाजावर काय परिणाम झाला, हे आता पाहू. पहिला परिणाम तिगळांच्या स्वतःविषयीच्या कल्पनेवर झाला. चिखलात हात घालणारे, डोक्यावर भाजीची टोपली वाहणारे लोक जातींच्या उतरंडीत वरचे गणले जात नव्हते. परंतु देवी अग्नीतून जन्मली आणि आपण तिची लेकरे, या श्रद्धेच्या बळावर त्यांनी स्वतःला ‘वन्हिकुल क्षत्रिय’ म्हणवले. वन्हि म्हणजे अग्नी. वर्षातून एका रात्री सारे नगर त्यांच्या दाराशी येते आणि त्यांच्या मस्तकावरील घटाला हात जोडते. बाजारात ज्याच्याशी भाव करताना आवाज चढतो, त्याच्याच वाटेवर त्या रात्री फुले टाकली जातात. आपल्या पुजाऱ्यासाठी आणि आपल्या मानासाठी त्यांना दुसऱ्या कोणाकडे पाहावे लागत नाही, हेही विसरून चालणार नाही.

दुसरा परिणाम संघटनेचा. वीरकुमार व्हायचे तर शरीर कमावले पाहिजे, म्हणून तिगळ वस्त्यांत तालमी चालत. कन्नडमध्ये त्यांना ‘गरडी मने’ म्हणतात. मुलगा तालमीत जाऊ लागला की तो समाजाच्या शिस्तीत बांधला जाई. कोणी घंटा धरायची, कोणी शस्त्र धरायचे, कोणी पुढे चालायचे, ही कामे ठरलेल्या घराण्यांकडे असतात आणि त्या प्रत्येक कामाचा उगम देवीच्या देहाशी जोडलेला असतो. शेती सुटली, मळे गेले, मुले कारखान्यांत आणि कचेऱ्यांत काम करू लागली. तरी चैत्रात ती आपापल्या जागी उभी राहतात.

परंतु श्रद्धेचे परिणाम सर्वस्वी उजळ असतात असे मानणे बरोबर होणार नाही. करगात पूजा स्त्रीची आहे, पण घट पुरुषाच्या मस्तकावर आहे आणि तलवारीही पुरुषांच्याच हाती आहेत. ज्या पत्नीचे मंगळसूत्र पुजाऱ्याच्या गळ्यात असते, तिला उत्सवाच्या काळात पतीपासून दूर राहावे लागते. आदिशक्तीचा जयघोष करणाऱ्या मिरवणुकीत घरातील स्त्रीचे स्थान दाराच्या आत आहे. स्त्रीत्वाचा सिद्धांत थोर असला म्हणून स्त्रीचा दर्जा आपोआप उंचावतो असे नाही, हे केवळ बेंगळुरूतच नव्हे तर आपल्या सभोवतीही दिसते. त्याचप्रमाणे, समाजाला अभिमान देणारी ‘क्षत्रिय’ ही पदवी जातींची उतरंड मोडत नाही. ती त्याच उतरंडीत वरची पायरी मागते.

करगाच्या वाटेवरचा सर्वांत लक्षणीय थांबा कॉटनपेटेत आहे. तेथे हजरत तवक्कल मस्तान या सूफी संताचा दर्गा आहे. करग त्या रात्री दर्ग्यात जातो, थोडा वेळ विसावतो आणि मग पुढे निघतो. यामागे एक आख्यायिका सांगितली जाते. तवक्कल मस्तान हा एका मिरवणुकीच्या वेळी घायाळ झाला. मंदिराच्या पुजाऱ्यांनी जखमेवर हळद लावली आणि ती बरी झाली. तेव्हा, करगाने दर वर्षी माझ्या भेटीला यावे, अशी इच्छा त्याने व्यक्त केली. कथा निरनिराळ्या प्रकारे सांगितली जाते. तिची ऐतिहासिक खात्री देता येत नाही. पण तिचा घाट पाहण्यासारखा आहे. येथेही एक वचनच आहे. देवीने लेकरांना दिलेल्या वचनाच्या जोडीला लेकरांनी शेजाऱ्याला दिलेले वचन येऊन बसले आहे.

सिद्धांताच्या पातळीवर मंदिर आणि दर्गा यांचा मेळ बसत नाही. इस्लाममध्ये ईश्वर एकच आहे, तो निराकार आहे आणि त्याच्या बरोबरीने कोणाचीही उपासना करता येत नाही. सूफी परंपरेत सत्पुरुषाची कृपा त्याच्या मृत्यूनंतरही त्याच्या समाधीस्थानी राहते असे मानतात; पण ही गोष्टही मुसलमानांतील काही पंथांना मान्य नाही. उलट बाजूने पाहिले, तर ज्या परंपरेत घटात देवी वसते आणि पुरुषाच्या देहातून चालते, तिला निराकाराची अट कशी मानवणार? दोन्हीकडच्या पंडितांना एका ठिकाणी बसवून एकमत होईपर्यंत थांबायचे ठरवले असते, तर करग दर्ग्यापर्यंत कधीच पोहोचला नसता. तो पोहोचला, कारण कोणीही एकमताची वाट पाहिली नाही. तिगळांनी आपली देवी सोडली नाही, दर्ग्याने आपला कलमा सोडला नाही. केवळ एका रात्री एका दारात थांबायचे, एवढेच ठरले. मतांचा मेळ घालणे ही एक गोष्ट आहे आणि शेजाराची रीत पाळणे ही दुसरी. समाज बहुधा दुसरीच्या आधाराने चालतो. मराठी वाचकाला याचे उदाहरण दूर शोधावे लागणार नाही. देहूहून निघणारी तुकाराम महाराजांची पालखी पंढरीच्या वाटेला लागताना अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते.

अशा रीतींची परीक्षा अधूनमधून होत असते. 2022 मध्ये कर्नाटकात धार्मिक तणावाचे वातावरण होते. त्या वर्षी काही संघटनांनी करग दर्ग्यात नेऊ नये अशी मागणी केली. त्यापूर्वीची दोन वर्षे कोरोनाच्या साथीमुळे उत्सव नेहमीप्रमाणे झाला नव्हता, त्यामुळे उत्सुकता अधिक होती आणि धास्तीही. मंदिराच्या मंडळींनी परंपरा बदलणार नाही असे सांगितले. दर्ग्याच्या मंडळींनीही करगाचे स्वागतच होईल असे कळवले. त्या चैत्र पौर्णिमेच्या रात्री करग नेहमीच्या वाटेने गेला आणि दर्ग्यात थांबला. वाद घालणाऱ्यांकडे शास्त्रांचे आणि इतिहासाचे दाखले होते. मंदिर आणि दर्गा यांच्याकडे मात्र ‘आम्ही असेच करीत आलो आहोत’ एवढे एकच उत्तर होते, आणि त्या वेळी ते पुरेसे ठरले.

‘असेच करीत आलो आहोत’ हे उत्तर नेहमीच योग्य असते असे मात्र नाही. अस्पृश्यता पाळणारेही हेच उत्तर देत असत. परंपरा जुनी आहे एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही; ती माणसांना जवळ आणते की दूर लोटते, हे पाहावे लागते. दर्ग्यातील थांबा आणि पत्नीने दूर राहण्याचा नियम हे दोन्ही एकाच परंपरेचे भाग आहेत. एक जपावा आणि दुसऱ्याचा पुन्हा विचार करावा, असे म्हणणाऱ्याला परंपरेचा शत्रू समजण्याचे कारण नाही.

आणखी एका बाबतीत मात्र श्रद्धा निष्प्रभ ठरली, आणि ती बाब पाण्याची. जुन्या नगराभोवती धर्मांबुधी, केंपांबुधी, संपंगी असे तलाव होते. 1890 च्या दशकात हेसरघट्टा येथील जलाशयातून नळाने पाणी आणण्याची योजना अमलात आली. पाणी घरात येऊ लागले तसे गावातील तलावांकडे दुर्लक्ष होऊ लागले. गाळ साचला, सांडपाणी शिरले, डास झाले; आणि मग ती जागा मोकळी करून वापरणे सर्वांनाच सोयीचे वाटले. धर्मांबुधीच्या जागी आज शहराचे मुख्य बसस्थानक आहे. संपंगी तलाव विसाव्या शतकात आटवण्यात आला आणि त्या जागी कंठीरव क्रीडासंकुल उभे राहिले. तलावाबरोबर मळे गेले आणि मळ्यांबरोबर तिगळांचा पिढीजात व्यवसाय गेला.

देवीचा घट ज्या पाण्याने सिद्ध होतो, ते पाणी पवित्र आहे, असे सारे नगर मानत होते. तरीही ते पाणी कोणाला वाचवता आले नाही. पवित्र मानणे आणि जतन करणे यांत किती अंतर असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. गंगेचे पूजन करणारा देश गंगेत काय सोडतो, हे आपण जाणतोच. आज बेंगळुरूला प्यायचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून, कावेरी नदीतून, खालून वर उपसून आणावे लागते. 2024 च्या उन्हाळ्यात शहरात तीव्र पाणीटंचाई झाली. अनेक वस्त्यांतील कूपनलिका कोरड्या पडल्या आणि लोक टँकरची वाट पाहत राहिले. त्याच उन्हाळ्यात, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यानंतर आलेल्या चैत्र पौर्णिमेला, मोगऱ्याने मढलेला घट पेठांतून फिरला.

संपंगी तलाव बुजवला गेला, तेव्हा करगाच्या विधीपुरते एक लहान कुंड मात्र राखले गेले. एरवी त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. चैत्रात तिगळ मंडळी तेथे येतात, काठावर पूजा मांडतात आणि घट सिद्ध करून धर्मरायाच्या मंदिराकडे निघतात. त्यांच्या पणजोबांचे मळे जेथे होते, तेथे आता धावण्याच्या शर्यती होतात. कुंडातले पाणी मात्र विधीला पुरेल एवढे अजून आहे.